पाणी आलं, पाणी गेलं

पहिला जीव कुणाच्या पोटातून आला, हा प्रश्न धाकट्याचा. थोरली सातवीत, तिला लगेच उत्तर हवं असतं, ती म्हणाली, "आबा, पेशी पेशीपासूनच होते, पुस्तकात दिलंय."

बरोबर आहे तुझं पुस्तक. पण आईची आई, तिची आई असं मागं मागं जात राहिलीस तर कुठंतरी एक पेशी निघणारच, जिला आई नव्हती. तिची गोष्ट सांगतो. आधीच बजावतो, गोष्ट अजून पुरी झालेली नाही, शास्त्रज्ञांचं भांडण चालूच आहे. पण भांडण आहे पाण्यावरून, खारं की गोडं यावरून. आणि खाजणाच्या कडेला जन्म काढलेल्या वसईजवळच्या उमेळ्याच्या माणसाला त्यात दोन शब्द बोलायचा हक्क आहे, असं माझं आपलं मत.

तुंगारेश्वरचा डोंगर तुम्हाला म्हातारा वाटतो ना? त्याचा काळा दगड लाव्हाचा आहे, वय साधारण 6.6 कोटी वर्षं. डायनासोर गेले त्या सुमाराचा. पृथ्वीच्या हिशेबात हे कालचं पोर. पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स म्हणून टेकड्या आहेत, तिथे झिरकॉन नावाच्या खनिजाचे वाळूएवढे कण सापडले. त्यांतला सगळ्यात जुना कण 440 कोटी वर्षांचा, आणि या जुन्या कणांच्या घडणीतून असं दिसतं की तेव्हाच पृथ्वीवर पाणी साचलेलं होतं. त्याच देशात पिलबारा भागात 348 कोटी वर्षांपूर्वीचे थरावर थर चढलेले दगड आहेत, सूक्ष्मजीवांच्या गालिच्यांनी घडवलेले. म्हणजे जे काही झालं ते या दोन खुणांच्या मधल्या काळात. तेव्हा हवेत प्राणवायू नव्हता, म्हणून वर ओझोनही नव्हता, आणि सूर्याचे अतिनील किरण थेट जमिनीवर उतरत होते. चंद्र आजच्यापेक्षा जवळ होता, दिवस लहान होता, आणि भरती-ओहोटी अशी की आपलं आषाढातलं उधाण तिच्यापुढे काहीच नाही.

या पाण्यात जीव कसा धरला असेल, याचा पहिला शहाणा अंदाज चार्ल्स डार्विननं केला, तोही पुस्तकात नाही, मित्राला लिहिलेल्या पत्रात. 1871 साली जोसेफ हूकरला त्यानं लिहिलं की समजा एखादं छोटं कोमट डबकं असेल, त्यात अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, ऊन, वीज सगळं असेल, तर त्यात प्रथिनासारखं काही तयार होऊन पुढे बदलत जाईल काय? एवढं लिहून गडी पुढच्या कामाला लागला. पुढची पन्नास वर्षं त्या डबक्याकडे कुणी फारसं वळलं नाही.

मग 1924 मध्ये रशियात ओपारिन आणि 1929 मध्ये इंग्लंडात हॉल्डेन, दोघांनी एकमेकांना न विचारता जवळपास एकच गोष्ट मांडली. जुन्या हवेत प्राणवायू नव्हता, म्हणून ऊन आणि विजेनं तयार झालेले पदार्थ जळून किंवा सडून जात नव्हते. खायलाही कुणी नव्हतं. ते समुद्रात साठत गेले, इतके की हॉल्डेनच्या मते समुद्र म्हणजे गरम, पातळ सूप झाला. हा हॉल्डेन मोठा वल्ली माणूस. 1957 मध्ये इंग्लंड सोडून भारतात आला, कोलकात्यात काम केलं, धोतर-कुडता घालू लागला, भारताचा नागरिक झाला आणि 1964 साली भुवनेश्वरला वारला. आपल्या शाळांत त्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सूप खरंच होतं का, हे बघायचं धाडस केलं एका विद्यार्थ्यानं. 1952 साली शिकागो विद्यापीठात स्टॅन्ली मिलर हॅरॉल्ड युरींकडे शिकत होता. काचेच्या भांड्यांचं एक बंद वळण त्यानं केलं. खाली उकळतं पाणी म्हणजे समुद्र, वर मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन म्हणजे हवा, आणि हवेत सतत ठिणगी म्हणजे वीज. थंड होऊन पाणी पुन्हा खाली, पुन्हा वाफ. आठवडाभरात पाणी लालसर-तपकिरी झालं, आणि त्यात अमिनो आम्लं सापडली. प्रथिनं ज्यांची बनतात ती हीच. 1953 मध्ये त्यानं ते छापलं. मिलर 2007 साली गेला, तर त्याच्या खोक्यांत जुन्या प्रयोगांच्या बाटल्या तशाच निघाल्या. नव्या यंत्रांवर त्या तपासल्या तेव्हा ज्वालामुखीच्या वाफेची नक्कल केलेल्या एका प्रयोगात वीसहून जास्त अमिनो आम्लं निघाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या बाटलीतून! आणि हे सगळं वीज पडूनच व्हायला हवं असंही नाही. 1969 साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ उल्का पडली, तिच्याही पोटात अमिनो आम्लं होती.

इथपर्यंत ऐकून थोरली म्हणाली, "मग झालं की!"

झालं कुठे? खरी अडचण इथून पुढेच आहे. सुटी अमिनो आम्लं म्हणजे प्रथिन नव्हे. आपापले मणी माळेसारखे एकापुढे एक गुंफले गेले तर प्रथिन होतं, तर आरएनए होतं, तर डीएनए होतं. आणि प्रत्येक मणी जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. सगळीकडे पाणीच पाणी असेल तर तो बाहेर कसा पडेल? उलट पाणी आत घुसतं आणि जोडलेली माळ तोडतं. म्हणजे पाण्याशिवाय जीव नाही आणि पाण्यात माळ टिकत नाही. हॉल्डेनच्या सुपात सगळं होतं, पण सूप ढवळत राहिलं तरी त्यात माळ काही होईना.

आता मिठागराकडे चला. नायगावच्या पट्ट्यात मीठ कसं पिकायचं ते तुमच्या बापानं लहानपणी पाहिलंय, तुम्ही फक्त लोकलच्या खिडकीतून पांढरे ढीग बघितले असतील. उधाणाची भरती आली की उघाडीतून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि मोठ्या खणात कोंडायचं. तिथून दुसऱ्या खणात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी ऊन थोडं थोडं पाणी नेतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात क्षार साधारण 35 ग्रॅम. पाणी आटून चौथा-पाचवा हिस्सा राहिलं की तळाशी आधी जिप्सम बसतं, मीठ अजून नाहीच. दहावा हिस्सा राहिलं की मग मीठ धरू लागतं. दुपारच्या उन्हात पाण्यावर पातळ साय येते, जवळून बघितलं तर तिच्यात छोट्या छोट्या चौकोनी होड्या तरंगताना दिसतात. वारा सुटला की साय मोडते आणि होड्या तळाला जातात. याच दाट पाण्याला मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी गुलाबी-लाल रंग चढतो. तो मीठ सोसणाऱ्या शेवाळांचा आणि सूक्ष्मजीवांचा. 2020 च्या जूनमध्ये बुलडाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेनं त्यात असेच मीठप्रेमी सूक्ष्मजीव दाखवले. पण त्यांना पहिले जीव समजू नका. इतक्या खाऱ्या पाण्यात तगायची त्यांची हुन्नर नंतरची आहे.

आपल्या कामाची गोष्ट वेगळी. खणातलं पाणी जातं तेव्हा ते आपल्याबरोबर काहीच नेत नाही. विरघळलेलं सगळं मागे राहतं आणि दाटत जातं. हजार लिटरमध्ये जे रेणू एकमेकांना कधी भेटले नसते, ते शेवटच्या ओंजळभर पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे राहतात. आणि पाणीच निघून चाललेलं असल्यामुळे मणी जोडताना सुटणारा पाण्याचा रेणूही जागा सोडून जाऊ शकतो. पाणी गेलं की माळ जोडली जाते. पाणी परत आलं की काही माळा तुटतात, काही टिकतात, नवे मणी येऊन मिसळतात. पुन्हा सुकणं, पुन्हा भिजणं. 2004 साली एडिंबरोच्या रिचर्ड लेथ यांनी तर म्हटलं की जुन्या काळच्या त्या जलद आणि प्रचंड भरती-ओहोटीनं किनाऱ्यावर हेच केलं असणार.

हे वाचलं तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे जीव आपल्यासारख्याच खाजणात सुरू झाला. उमेळ्याला नाही, पण उमेळ्यासारख्या जागी. पुढं वाचत गेलो आणि माझा आनंद साबणानं धुवून नेला.

तुम्हीच करून बघा. दोन बाटल्या घ्या. एकीत पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी, दुसरीत भरतीच्या वेळी भरलेलं खाडीचं, गाळून. दोन्हींत अंगाचा साबण किसून टाका. कपड्यांची पावडर नको, ती खाऱ्या पाण्यातही फेसाळते. बूच लावून हलवा. एक बाटली फेसानं भरेल. दुसरीत फेस नाही, पांढरट फाटलेलं काहीतरी तरंगेल. खाडीच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या रेणूंना पकडतं आणि त्यांचा साका करतं. आपल्या किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं की बायका हीच तक्रार करतात.

"आबा, जीवाचा आणि साबणाचा काय संबंध?"

जवळचा संबंध आहे. नुसती माळ म्हणजे जीव नव्हे. माळेभोवती पिशवी हवी, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवणारी. आज आपल्या प्रत्येक पेशीला तशी पातळ तेलकट कातडी आहे. पहिल्या पिशव्या साध्या मेदाम्लांच्या असाव्यात, म्हणजे साबणाच्याच नात्यातल्या रेणूंच्या. खोबरेल तेलातही तसली आम्लं असतात. हे रेणू पाण्यात आपणहून एकमेकांना बिलगून फुगे करतात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिड डीमर यांनी 1985 मध्ये मर्चिसन उल्केच्या तुकड्यातून अर्क काढला, पाण्यात टाकला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली असे फुगे दिसले. आकाशातून पडलेल्या दगडात पिशव्यांचं सामान! पण साधे फुगे समुद्राच्या पाण्यात टिकत नाहीत, तुमच्या दुसऱ्या बाटलीत साबणाचं झालं तसं त्यांचं होतं. म्हणून डीमर म्हणतात, समुद्र सोडा, जमिनीवरची गरम झऱ्यांची डबकी बघा. तिथे भिजणं-सुकणं आहे, ऊब आहे, आणि पाणी समुद्राइतकं खारं नाही.

म्हणजे आपली गाडी शिरसाड फाट्यावरून आत वळली. वज्रेश्वरीला. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला आणि 1739 मध्ये किल्ला हाती आल्यावर देऊळ बांधलं, ही कथा तुम्हाला पाठ आहे. देवीच्या अंगणात तानसा नदीकाठी अकलोलीची आणि पलीकडे गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कुंडाच्या पायरीवर नीट बघा, पाण्याच्या रेषेच्या वर क्षारांची पांढरी किनार दिसेल. शिंतोडे उडतात, सुकतात, पुन्हा उडतात. ती किनार म्हणजेच भिजण्या-सुकण्याची जागा. 2017 मध्ये पिलबारातल्या त्या 348 कोटी वर्षांच्या खडकांत जमिनीवरच्या गरम झऱ्यांच्या खुणा सापडल्या, जीवांच्या खुणांच्या शेजारीच. तेव्हापासून डबकेवाल्यांची छाती फुगली आहे.

आणि या कामातला एक धागा थेट आपल्या पुण्यात येतो. सुधा राजामणी आधी डीमर यांच्या प्रयोगशाळेत होत्या. 2008 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आरएनएचे सुटे मणी मेदाच्या थरांत मिसळले, उष्णता देऊन सुकवले, भिजवले, पुन्हा सुकवले. कुठलंही विकर (एन्झाइम) न घालता आरएनएसारख्या माळा तयार झाल्या. आता त्यांचा गट पुण्यात पाषाणला, आयसरमध्ये हेच काम करतो. लडाखमधल्या गरम झऱ्यांचं पाणी आणून त्यात पिशव्या टिकतात का, तेही त्यांनी पाहिलं.

मला आवडलं ते वेगळंच. याच गटानं 2015 मध्ये आपल्याच माळा बारकाईनं तपासल्या आणि सांगितलं की कढत, आंबट पाण्यात माळेचा दोरा तयार होतो खरा, पण त्यावरची अक्षरं बरीच गळून पडतात. आरएनएच्या मण्याला एक बाजूला लोंबणारा भाग असतो, संदेश त्यातच लिहिलेला असतो. तोच निखळला तर दोरा काय कामाचा? स्वतःच्या यशातलं भोक स्वतःच दाखवायला मोठं मन लागतं. त्यामुळे आता प्रश्न असाही विचारतात की आरएनएच्या आधी आणखी साधा, न गळणाऱ्या अक्षरांचा एखादा पूर्वज होता का.

आरएनएमागे एवढे का लागलेत, तेही सांगतो. डीएनएत कृती लिहिलेली असते, प्रथिनं काम करतात. पण डीएनएची नक्कल करायला प्रथिनं लागतात आणि प्रथिनं करायला डीएनए. आधी कोंबडी की आधी अंडं! 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना दिसलं की आरएनए स्वतःच कात्रीचं कामही करू शकतं. म्हणजे एकच रेणू कृतीही बाळगतो आणि हातही चालवतो. 1989 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

प्रयोगशाळेत जमतं ते रानात जमेल असं नाही, हेही डीमरनीच अनुभवलं. रशियाच्या पूर्वेला कामचाटकात ज्वालामुखीच्या अंगावरच्या गरम डबक्यात त्यांनी अमिनो आम्लं, मेदाम्लं, फॉस्फेट असा सगळा शिधा ओतला. काही तासांत बहुतेक सगळं तळाच्या चिखलानं धरून ठेवलं. माळ नाही, पिशवी नाही.

आता समुद्रवाल्यांचं ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल आबा एकांगी बोलतो. 1977 मध्ये गॅलापागोसजवळ ॲल्विन नावाची पाणबुडी सुमारे अडीच किलोमीटर खोल गेली आणि समुद्राच्या तळातून गरम पाण्याचे झरे फुटताना दिसले, भोवती ऊन न लागणारे जीव. 2000 साली अटलांटिकमध्ये लॉस्ट सिटी नावाची चुनखडीच्या पांढऱ्या धुराड्यांची वस्ती सापडली, काही धुराडी 60 मीटर उंच. तिथलं पाणी अल्कधर्मी, धुराड्याला स्पंजासारखी सूक्ष्म भोकं, आणि आत-बाहेरच्या पाण्यात हायड्रोजन आयनांचा फरक. आज आपल्या बहुतेक पेशी तशाच फरकावर ऊर्जा कमावतात. मायकेल रसेल आणि निक लेन म्हणतात, ही सवय तिथूनच आली. अतिनील किरणांपासून बचावही आपोआप. आणि साबणाचं? 2019 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गटानं एकाऐवजी अनेक मेदाम्लांची आणि मेद-अल्कोहोलांची मिसळ घेतली, तर खाऱ्या, अल्कधर्मी, गरम पाण्यातही पिशव्या टिकल्या. माझा साबणाचा मुद्दा तिथे अर्धा पडला. तरी खोल पाण्यात मणी जोडताना पाणी जाणार कुठे, याचं उत्तर मला त्यांच्याकडून अजून पटलेलं नाही. म्हणून मी वज्रेश्वरीच्या बाजूचा.

तिसरा पक्ष म्हणतो, इथे झालंच नाही, जीव वरून आला. आपले जयंत नारळीकर आणि चंद्र विक्रमसिंगे यांनी हे तपासायचं ठरवलं. 2001 मध्ये आणि पुन्हा 2005 मध्ये हैदराबादहून फुगा सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा बंद नळ्यांत भरून आणली. 2009 साली इस्रोनं तीन नव्या जिवाणूंची घोषणा केली. एकाला फ्रेड हॉइलचं नाव, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. अतिनील किरण सोसण्यात हे तिघं त्यांच्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा चिवट निघाले. पण ते बाहेरूनच आले, हे यातून सिद्ध होत नाही, असं इस्रोनंच तेव्हा स्पष्ट केलं. आणि आले असते तरी धाकटा लगेच विचारणार, तिथं कुणाच्या पोटातून आले?

थोरलीला शेवटी एकच शंका उरली. अकलोलीच्या कुंडात सगळं आहे, तर आज तिथे नवा जीव का होत नाही?

याचं उत्तर डार्विननं त्याच पत्रात देऊन ठेवलंय. आज असं काही तयार झालं तर आधीपासून असलेले जीव ते तत्क्षणी खाऊन टाकतील. शिवाय साधारण 240 कोटी वर्षांपासून हवेत प्राणवायू आहे, तोही असल्या नाजूक मालाला धड राहू देत नाही. अकलोलीच्या थेंबात उपाशी सूक्ष्मजीवांची रांग लागलेली असते. आणि थेंबाचं सोडा, तुमच्या बोटांच्या कातडीवर आरएनएचे तुकडे करणारं विकर आहे. म्हणून आरएनएवर काम करणारे हातमोजे घातल्याशिवाय नळीला हात लावत नाहीत, आणि पाणीसुद्धा आधी शुद्ध करून घेतात.